मुराळ्याच्या बायकोचं माहेर

नागम्मावैनीची गोष्ट सांगायची म्हटलं तरी सुरुवात वीरप्पाअण्णांपासूनच करावी लागते. बाईचं सगळं आयुष्य असंच गेलं, अण्णांच्या मागून. मला त्याचा अजून राग येतो. पण अण्णांचं नाव काढल्याशिवाय ती कोण हे तुम्हाला उमगायचं नाही, म्हणून आधी अण्णा.

आमच्या जळकोटात वीरप्पाअण्णा मुराळी होते. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरी घेऊन यायला जो जातो तो मुराळी. खरं म्हणजे हे काम सख्ख्या भावाचं. पण कुणाचा भाऊ पाळण्यात, कुणाचा हैदराबादेत नोकरीला, कुणाला देवानं भाऊच दिला नाही. अशा घरांतून पाडवा झाला की अण्णांना सांगावा जायचा, "वीरप्पा, आमच्या पोरीला तेवढं आणा." अण्णांची जमीन थोडी, तीही कोरडवाहू. उन्हाळ्यात हाताला काम नाही, आणि बैलजोडी अशी की बघणाऱ्यानं बघत राहावं. मग काय, अखितीपासून मिरगापर्यंत त्यांची गाडी दारात दिसायची नाही.

मुराळ्याशिवाय माहेरी येणं म्हणजे तेव्हा तोंड लपवायची गोष्ट. एकटी आली तर लोक म्हणायचे भांडून आली. नवऱ्यानं आणून सोडली तर म्हणायचे, त्याला नकोशी झाली. माहेरचं माणूस दारात आलं, त्यानं मागून घेतलं, मानानं गाडीत बसवलं, तर ते माहेरपण. नाहीतर घरी बसा आणि सासूच्या पापडांचं पीठ कुटा.

मला भाऊ नव्हता. आम्ही चार बहिणी, मी थोरली. सरहद्दीपलीकडं, अक्कलकोटाच्या बाजूला मला दिलेली. इकडं निजामाची मोगलाई, तिकडं दुसरा मुलूख, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. माझी सासू गुळासारखी गोड बोलायची आणि सोडायची मात्र नाही. पहिल्या उन्हाळ्यात अण्णा न्यायला आले तेव्हा म्हणाली, "आता कुठं? कामाचे दिवस आहेत. पुढल्या उन्हाळ्यात न्या की."

अण्णा तोंड वर करून भांडणारे नव्हते. त्यांनी बैल सोडले, ओट्यावर बसले, पिशवीतला अंबाडीचा वाख काढला आणि दोरी वळायला लागले. जेवायला बोलावलं तर म्हणाले, "जेवण व्हय? ते आता लेकीला तिच्या आईकडं पोचवूनच." सासू आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दारात पाहुणा उपाशी बसलेला, आणि येणारा-जाणारा विचारतोय, "काय पाहुणं, कुठलं?" उन्हं कलायला लागली तशी सासूचं तोंड उतरलं. शेवटी तिनंच आतून हाक मारली, "शांता, लुगडी बांध गं." अण्णांनी वळलेली दोरी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "मावशी, पुढल्या उन्हाळ्यात बी येतोच की म्या. पर ह्यो उन्हाळा कुणाला द्यायचा मग?"

असा माणूस. मी त्या दिवसापासून त्यांना सख्खा भाऊ मानला, आणि सख्ख्या भावावर रागावायचा जेवढा हक्क असतो तेवढा घेतला.

नाक्यावर गाडी थांबायची. तिथले जमादार गठुड्यांवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "क्या वीरप्पा, आज किसकी बेटी?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. "अपनीच बेटी है, साब." जमादार हसायचे, मी पदराआड हसायची. नाका ओलांडला की अण्णा बैलांना मोकळं सोडायचे आणि मी पाय गाडीबाहेर सोडून बसायची. सासरी असं बसता येत नसे. तेवढ्यानंच मला माहेर आल्यासारखं वाटायचं.

पण गाडी थेट आमच्या दारात कधी गेली नाही. कुणाच्याच गेली नाही. अण्णांचं घर वेशीला लागून, आणि अण्णांचा नेम असा की आणलेली लेक आधी आपल्या अंगणात उतरायची. तिथं तिनं तोंड धुवायचं, केस विंचरायचे, चांगलं लुगडं नेसायचं, पोटभर खायचं, रडायचं असलं तर रडून घ्यायचं, आणि मग चालत आपल्या घरी जायचं. "सासरची कळा हितंच उतरवायची," अण्णा म्हणायचे. "आईच्या पुढ्यात लेक हसतच गेली पायजे. वरीसभर वाट बघितलेली असती तिनं." किती शहाणं बोलणं! आयांना आपापल्या लेकी ताज्यातवान्या मिळायच्या, आणि गावभर वीरप्पाचं कौतुक.

ती कळा उतरवून कोण घ्यायचं, हे मात्र कुणी बोललं नाही. नागम्मावैनी घ्यायची. उंच, काटकुळी, कपाळाला विभूतीचे पट्टे, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. लेकरूबाळ झालं नाही, सासू-सासरे कधीच गेले, घरात बाई अशी ती एकटीच. गाडीच्या घुंगरांचा आवाज आला की चुलीवर पाणी, परातीत पीठ. आम्ही उतरायचो ते तिच्या गळ्यात पडूनच. कुणाला नवऱ्यानं मारलेलं, कुणाची कूस उघडत नव्हती, कुणाला नुसताच उन्हाचा ताप. ती पाठीवरून हात फिरवायची, डोक्यावर गार पाणी ओतायची, आंबील द्यायची, वेणी घालायची. आईला जे सांगता यायचं नाही ते सगळं तिच्या कानात. आमचं मन हलकं व्हायचं आणि आम्ही टाचा आपटत घरी पळायचो. मग ती खरकटं काढायची.

आणि एवढ्यावर भागायचं नाही. आमच्या सगळ्यांच्या घरांपेक्षा तिचं अंगण मोठं, मधे लिंबाची दाट सावली. त्यामुळं उन्हाळाभर आमचा अड्डा तिच्याकडंच. दत्तोपंत मास्तरांची विमल माझी बालपणापासूनची मैत्रीण. तुळजापुरात, देवळाजवळच्या घरात दिलेली. तिचा भाऊ हैदराबादेत, म्हणून तिलाही अण्णाच आणायचे. विमल म्हणायची, "आमच्या घरी बारा महिने जत्रा गं. देवी पावते यात्रेकरूंना, आणि वरण-भाताचं पातेलं येतं माझ्या वाट्याला." आम्ही दोघी वर्षानं भेटायचो, आणि पहिला दिवसभर तर दोघी एकदमच बोलायचो, ऐकायचं कुणी नाही. सागरगोटे खेळायचो, कैऱ्या तिखटमिठाला लावून खायचो, एकमेकींच्या सासवांच्या नकला करायचो. लग्न झालेल्या बायका, पण अंगणात पोरींसारख्या लोळायचो. तसं सुख मला नंतर मिळालं नाही. खरंच सांगते, नाही मिळालं.

तिथंच शेवया, तिथंच कुरडया. गव्हाचा चीक पहाटे घोटावा लागतो, तो वैनीनं घोटलेला असायचा. आम्ही उन्हं वर आल्यावर जायचो, सोऱ्यानं चार कुरडया घालायचो, उरलेला चीक गूळ-दूध घालून ओरपायचो आणि गप्पा मारत बसायचो. वैनी मधे मधे हसायची. बसलेली मात्र मला आठवत नाही.

आता खरी गोष्ट. दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढल्या उन्हाळ्यातली.

दुपारची वेळ. आम्ही पाच-सहाजणी कुरडया घालत होतो. अण्णा आदल्याच दिवशी एक लेक आणून ओट्यावर आडवे झालेले. वेशीतून एक माणूस चालत आला. पटका धुळीनं भरलेला, काखेत गठुडं. वैनीनं वर बघितलं आणि तिच्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. तिचा धाकटा भाऊ, शरणप्पा. त्याला आम्ही ओळखत होतो. दर उन्हाळ्यात एकदा यायचा, शेंगापोळ्या आणायचा, एक रात्र राहून परत जायचा. बहिणीला बघायला येतो, असंच आम्हाला वाटायचं.

वैनीनं त्याचे पाय धुतले. अण्णांनी उठून त्याला जवळ बसवून घेतलं, पिकापाण्याचं विचारलं, जेवायला वाढायला सांगितलं. सगळं रीतीप्रमाणं. जेवण झाल्यावर शरणप्पा खाली बघत म्हणाला, "दाजी, अक्काला न्यायला आलोय. अव्वाला आता दिसंना झालंय. हात लावून तरी बघते म्हणती एकदा."

अव्वा म्हणजे वैनीची आई. आमचे हात थांबले. आम्हाला वाटलं, झालं, आज वैनी निघाली. अण्णांसारखा मुराळी, लेकीचं माहेर त्यांना कुणी शिकवायचं?

अण्णांनी छपराकडं बघितलं. घसा खाकरला. म्हणाले, "आता कसं जमंल, शरणप्पा? कामाचं दिस हायत. अजून चारदोन लेकी आणायच्या हायत मला. त्या उतरल्यावर त्यांचं कोण बघंल? पुढल्या उन्हाळ्यात न्या की."

माझ्या सासूचं बोलणं! शब्द तेच, सूर तोच. मी विमलकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. शरणप्पा हळूच म्हणाला, "दर साली तुमी ह्येच म्हणता, दाजी." त्याच्या आवाजात राग नव्हता. चालून चालून दमलेल्या माणसाचा आवाज होता तो.

म्हणजे हा माणूस दर उन्हाळ्यात पाव्हणा म्हणून येत नव्हता. मुराळी म्हणून येत होता, आणि रिकाम्या हातानं जात होता. वैनी लग्नानंतर एकदाच माहेरी गेलेली, बाप वारला तेव्हा, तीही दुसऱ्या दिवशी परत. आणि आम्ही इथं तिच्या अंगणात बसून माहेरपण मिरवत होतो.

वैनी पुढं झाली. भावाचं ताट उचललं आणि आत गेली. मी तिच्या मागं.

"वैनी, तुम्ही गप्प का? बोला की काहीतरी!"

ती ताट घासत होती. "बोलायला बी ताकद लागती, शांता," ती म्हणाली. "ती दुपारपातूर सरती बघ."

"मग मी बोलते."

"नगं बाई. त्यांनी कुणाचं वंगाळ केलंय व्हय? समद्या गावाच्या लेकी आणत्यात. त्या उपाशी ऱ्हायल्या तर त्यांचं नाव जाईल."

त्यांचं नाव! माझ्या डोक्यातली शीरच तडकली. माझा स्वभाव आधीपासूनच असा, आत ठेवता येत नाही. मी तरातरा बाहेर आले आणि ओट्यावर अण्णांच्या समोर जाऊन बसले.

"अण्णा, वैनीला पाठवा."

"शांता, तू ह्यात पडू नगं. घरी जा, आई वाट बघत आसंल."

"बघू द्या. वैनी निघाल्याशिवाय मी उठणार नाही. आणि जेवणार पण नाही."

अण्णा हसले. त्यांना वाटलं पोरीची थट्टा. तेवढ्यात विमल उठली, खुंटीवरची अण्णांचीच पिशवी काढली, त्यातला वाख घेतला आणि माझ्या शेजारी बसून दोरी वळायला लागली. ब्राह्मणाची पोर, तिनं जन्मात कधी दोरी वळली नव्हती, नुसता गुंता करत होती. पण अण्णांचं हसू गेलं. मग बाकीच्याही एकेक करून येऊन बसल्या. चिकाचे हात, तसेच.

"लाज वाटत न्हाय?" अण्णा भडकले. "म्या आणलं म्हणून आलाव तुमी! तुमच्या वैनीला म्या डांबून ठेवलंय व्हय? तिनं कधी तोंडानं मागितलंय का माहेर?"

"आम्ही तरी कधी मागितलं?" मी म्हटलं. "तुम्हीच सांगता ना गावभर, लेकीनं मागायचं नसतं, मुराळ्यानं मागायचं असतं. तो बघा, बसलाय मागणारा. किती वर्षं मागतोय."

अण्णांनी मान फिरवली. शरणप्पाची तर पंचाईत झाली. तो हात जोडून म्हणायला लागला, "पोरींनो, उठा गं, माझ्यापायी भांडण नको." त्याला कोण विचारतंय?

उन्हं उतरली तशा आया शोधायला आल्या. माझी आई वेशीपासूनच ओरडत आली, "शांते, ऊठ आधी! दुसऱ्याच्या दारात हटून बसायला लाज हाय का?" मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत उभी राहिली. मग तिनं आत बघितलं. आत वैनी पुन्हा पीठ मळायला बसली होती, आम्हाला भूक लागली असेल म्हणून. माझ्या आईनं कपाळाला हात लावला, पदर खोचला आणि ती पण ओट्यावर बसली. म्हणाली, "वीरप्पा, माझी लेक माझ्या घरी जेवंल. आजपातूर हितं जेवली ते लई झालं."

अण्णा उठून बैलांकडं गेले. बराच वेळ एका बैलाच्या मानेला कपाळ टेकून उभे होते. पाठमोरे, म्हणून तोंड दिसलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या माणसानं मला दर वर्षी आणलं होतं. पण मी जागची हलले नाही.

परत आले आणि कुणाकडंच न बघता म्हणाले, "शरणप्पा, सकाळच्याला घेऊन जा तिला."

आतून वैनीचाच आवाज आला, "आन भाकरीचं कसं?"

"म्या बघतो."

"चीक आंबंल. उद्याला कुणब्याच्या लेकीला आणाय जायचंय, तिला पित्ताचा त्रास हाय, आंबील चालत न्हाय तिला. ताक ठिवाय लागंल. आन पीठ..."

"अगं बाई, चल!" माझ्या आईनं तिला ओढून चुलीपासून उठवलं, तेव्हा ती उठली. पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. आनंद झालाय असं मला तिच्या तोंडावर दिसलं नाही. काय चाललंय हेच तिला कळत नव्हतं.

सकाळी अण्णांनी गाडी जुंपली. "चालत कशाला? नाक्यापातूर सोडतो," म्हणाले. नाक्यापर्यंतच. त्याच्या पुढं नवऱ्यानं जायचं नसतं, तिथून पुढं मुराळ्याचा मान. विमलनं आपलं नवं लुगडं वैनीला नेसवलं. आम्ही सगळ्याजणी वेशीपर्यंत गेलो. वैनी गाडीत पाय आत घेऊन बसली होती.

ती गेल्यावर अंगण बघवेना. आम्ही जायचो, झाडायचो, पाणी भरायचो. आलेल्या लेकी आता सरळ आपापल्या घरी उतरायला लागल्या. रडत उतरल्या, आयांनी बघितलं, आयाही रडल्या. कुणाचं काही अडलं नाही. माझ्या धाकटीनं तर आईला नवऱ्याचं सगळं सांगितलं, आणि आई आयुष्यात पहिल्यांदा व्याह्याकडं जाऊन भांडून आली.

अण्णा मात्र वाळत चालले. भाकरी तव्यावर टाकताना हात भाजून घेतला. आम्ही कुणी ना कुणी ताट नेऊन द्यायचो, ते चार घास खायचे आणि विचारायचे, "तिकडून कुणी आलं का गं? कधी येणार काय म्हणाली का?" पहिल्यांदा मला बरं वाटलं. म्हटलं, भोगा. नंतर बरं वाटेना. एकदा म्हणाले, "शांता, चूल पेटवायला इतका येळ लागतो, हे मला ठावंच न्हवतं." मी ताट झाकून ठेवलं आणि घरी आले.

मिरीग तोंडावर आला. अंगण एकेक करून रिकामं झालं. विमल गेली. जाताना नेहमीप्रमाणं आम्ही दोघी रडलो, आणि पुढल्या वर्षीच्या शपथा घातल्या. मग माझी पाळी. अण्णांनी त्या दिवशी दाढी केली, बैल धुतले, गाडीत गवत पसरून त्यावर धुतलेली वाकळ अंथरली. माझ्यासाठी त्यांनी कधी वाकळ अंथरली नव्हती. म्हणाले, "वाटंवरच हाय तुझ्या वैनीचं गाव. तुला सोडून येताना घिऊनच येतो तिला. पेरणी आली, आता बास झालं."

मी गठुडं गाडीत ठेवलं. मलाही सासर दिसायला लागलं होतं. उन्हाळा संपताना जो थकवा येतो तो कामाचा नसतो. सगळी मजा अंगातून निघून जाते आणि पुन्हा वर्षभराचं जू दिसतं.

दुपारी आम्ही वैनीच्या माहेरी पोचलो. लहानसं घर, पुढं अंगण, अंगणात लिंब. शरणप्पा धावत आला, "बर्री, कूड्री," या, बसा, म्हणत बैलांना हात घातला. अण्णांनी डोळ्यांनीच विचारलं, कुठं आहे? शरणप्पानं लिंबाकडं बोट केलं.

सावलीत घोंगडं टाकून वैनी झोपली होती. भर दुपारी. कुशीवर, तोंड उघडं, केस सुटलेले. उशाशी अव्वा बसलेली, डोळ्यांत नुसता पांढरा पडदा. एक हात वैनीच्या केसांत, दुसऱ्या हातानं पदर हलवून माश्या वारत होती. शेजारी एक बाई वाती वळत बसली होती. शरणप्पा म्हणाला, वैनीची लहानपणची मैत्रीण, गंगव्वा, रोज येते.

मी गंगव्वाला विचारलं, "खूप बोलत असाल ना दोघी? किती वर्षांनी भेटलात."

गंगव्वा हसली. तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "कुठलं बोलणं? मी बोलायला सुरू करते, तिचं डोळं मिटतंय. आल्यापासून झोपतीच आहे. उठते, जेवते, आईजवळ बसते, परत झोपते. पहिल्यांदा आम्ही भिलो. वैद्याला दाखवलं. तो म्हणाला, आजारी न्हाई, दमलीय."

अव्वानं आवाजाच्या दिशेनं तोंड केलं आणि म्हणाली, "माझ्या लेकीला उठवू नका."

अण्णा तिथंच उभे होते, हातात चाबूक तसाच. ते वैनीकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होते. इतक्या वर्षांचा संसार, पण बायको अशी झोपलेली त्यांनी कधी बघितलेली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होतं. ते खाली बसले. बैल सोडायला सांगितले. पाणी प्यायले. मला म्हणाले, "तुझ्या सासूला उशीर झाला तर चालंल का गं?" मी म्हटलं, "चालेल." चालणार नव्हतं, पण म्हटलं.

उन्हं झाडाच्या बुडाशी आली तेव्हा वैनीला जाग आली. तिनं डोळे उघडले आणि समोर अण्णा. तशी ती धडपडून उठली. एका हातानं केस गुंडाळले, दुसऱ्यानं पदर खोचला. "कवा आलाव? उठवायचं न्हाय का? भुकेजला असाल, भाकरी टाकते. घोंगडं तेवढं बांधते, गाडी जुंपा तुमी, मी आलेच..." बोलता बोलता तिचा तोलच गेला. अव्वानं चाचपडत तिचा हात धरला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, चल. पेरणी आलीय, वाकळ अंथरलेली आहे, म्हणतील चल, आणि ही जाईल.

अण्णा म्हणाले, "म्या तुला न्यायला आलो न्हाय."

वैनी बघत राहिली.

"शांताला सोडाय चाललोय. बैलं तान्हेली, म्हणून थांबलो." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "पेरणी म्या करतो. तू निज."

ते खरंच बोलतायत का हे ती बराच वेळ बघत होती. मग तिनं खोचलेला पदर सोडला, घोंगड्यावर पुन्हा आडवी झाली, आणि आम्ही गाडीत बसायच्या आधी तिला झोप लागलीसुद्धा.